‘आलम आरा’चा नायक गुंगीत का होता?

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं : पडद्यामागचं टपाल)

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या प्रश्नमंजूषेत ‘पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक कोण?’ असा प्रश्न होता. बहुतेकांनी पृथ्वीराज कपूर लिहिलं आणि परीक्षकांनी ते बरोबर धरलं. मी मास्टर विठ्ठल लिहिलं, माझा गुण गेला. कोण बरोबर? आणि हा विठ्ठल मराठी नाटकातला होता असं वडील सांगायचे, ते खरं का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : गुण परत मागा. मी सांगितलं म्हणून मागा.

पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला गिरगावात मॅजेस्टिक थिएटरला लागला. त्यात पृथ्वीराज कपूर होते, पण सेनापतीच्या कामात. राजपुत्र मास्टर विठ्ठल आणि नायिका झुबेदा. पृथ्वीराज पुढे एवढे मोठे झाले की मागचं सगळंच लोकांनी त्यांच्या खात्यावर जमा करून टाकलं. परीक्षकांचा दोष नाही, त्यांनी ऐकीव लिहिलं.

वडिलांचं म्हणणंही खरं. विठ्ठल पोरवयात राजापूरकर नाटक मंडळीत होता. ही मंडळी संतांच्या नाटकांसाठी नावाजलेली. त्या काळी नाटक कंपनीत पोरगं गेलं म्हणजे कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचं, पंगतीला बसायचं, सकाळी तालीम, नाचाचे धडे आणि रात्री मिळेल ते पात्र. गळा बरा असला तर स्त्रीपार्ट. आवाज फुटला की पुढे काय, याची हमी मालकही देत नसे. कंपनीच्या जाहिरातीत नाव छापून येणारे दोघंतिघं, बाकीचा सगळा भरणा अशा पोरांचा. विठ्ठल त्या भरण्यातला. ‘रंगभूमीचा गाजलेला नट मूकपटात आला’ असं त्याच्याबद्दल लिहिणारे थोडं फुगवून लिहितात.

तिथून तो कोल्हापूरला, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आला. नट म्हणून नव्हे, फिल्म कापायच्या-जोडायच्या खात्यात. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझाही जन्म कात्री आणि फिल्म यांतच गेला. आमच्या वेळी निदान मूव्हिओला, म्हणजे फिल्म चालवून बघत कापायचं यंत्र, होतं. त्या काळी फिल्म हातात धरायची, उजेडाकडे न्यायची, बारीक चौकटींत हात कुठे उचलला आणि कुठे खाली आला ते डोळ्यानं टिपायचं, तिथे कापायचं, कडेचा रासायनिक थर खरवडून काढायचा आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरायचं. फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडायचा अवकाश की भडका. त्या खोलीत विडी ओढणाऱ्याला बाहेर काढत.

हे काम केलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, जी नटाला बहुधा कळत नाही. तलवार अंगाला लागायची गरजच नसते. ती निघाली हे दिसलं आणि समोरचा पडला हे दिसलं की मधलं प्रेक्षक स्वतः भरून घेतो. पुढे मारधाडीच्या चित्रपटांत विठ्ठल इतका चपळ दिसला, त्यात शरीराचा भाग होताच. पण कुठली हालचाल पडद्यावर शिल्लक राहते आणि कुठली कापाकापीत जाते हे त्याला कापण्याच्या टेबलावर समजलं असणार, असं माझं मत आहे. मी संकलक आहे, म्हणून मला तसं वाटणारच, हेही धरून चाला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत खाती नावापुरती. पडदे रंगवणारा दुपारी मावळा व्हायचा. शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा याच कंपनीत हरकाम्या म्हणून आला आणि ‘सुरेखा हरण’मध्ये कृष्ण झाला. ते आपले व्ही. शांताराम. विठ्ठललाही असंच ओढलं. १९२४च्या ‘कल्याण खजिना’त तो पहिल्यांदा पडद्यावर दिसला, तोही नर्तकीच्या वेषात. नाटक कंपनीत शिकलेला नाच तिथे कामी आला.

मग मुंबई. नानूभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी शारदा कंपनी काढली होती. ‘रतन मंजरी’ (१९२६) हा विठ्ठलचा नायक म्हणून पहिला चित्रपट. त्यानंतर शारदाचा गल्ला त्याच्या तलवारीवर चालला म्हटलं तरी चालेल. घोड्यावरून उडी, गच्चीवरून दोर, एकाच्या अंगावर आठजण आणि आठही आडवे. जोडीला बहुतेकदा झेबुन्निसा. अमेरिकेचा डग्लस फेअरबँक्स तेव्हा आपल्याकडे तुफान चालत होता, त्याचा ‘थीफ ऑफ बगदाद’ तर गावोगाव फिरला. त्यामुळे विठ्ठलला ‘हिंदुस्थानचा डग्लस’ म्हणू लागले. चार आण्यांच्या बाकावरच्या माणसाला पडद्यावरच्या संवादाच्या पाट्या वाचता येत नसल्या तरी विठ्ठल वाचता यायचा.

आणि मग आर्देशीर इराणींनी बोलपट काढायचा ठरवलं. नायकाच्या कामावर मेहबूब खान डोळा ठेवून होते, तेच पुढे ‘मदर इंडिया’वाले. इराणींना नाव असलेला माणूस हवा होता, त्यांनी विठ्ठलला घेतलं. शारदानं कराराचा मुद्दा काढला, प्रकरण कोर्टात गेलं. विठ्ठलच्या बाजूनं उभे राहिलेले वकील बॅरिस्टर महंमद अली जिना. विठ्ठल सुटला.

सुटला आणि अडकला. त्याची हिंदुस्तानी कच्ची होती. ‘आलम आरा’ जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावर बेतलेला, म्हणजे भाषा उर्दूच्या वळणाची. आज असा प्रश्न आला तर आम्ही काय करू? दुसऱ्याचा आवाज चढवू, काम फत्ते. तेव्हा तो रस्ताच नव्हता. तानार नावाच्या यंत्रानं चित्र आणि आवाज एकाच फितीवर एकाच वेळी उतरायचे. चित्र कापलं की आवाज कापला गेलाच. स्टुडिओशेजारून आगगाड्या जायच्या, म्हणून मध्यरात्रीनंतर गाड्या थांबल्या की चित्रीकरण. माइक कुठेकुठे दडवून ठेवलेले. साज वाजवणारे चौकटीच्या बाहेर दडलेले. अशा रात्री नायकाचा उच्चार चुकला तर तो जन्माचा चुकला. गाण्याला दुसऱ्याचा गळा देण्याची पद्धत आपल्याकडे १९३५च्या ‘धूप छाँव’पासून रुळली.

मग इराणींनी नायकालाच गप्प केलं. गोष्ट सोयीची होती. माशाच्या गळ्यातल्या हाराची जादू आहे, तिच्यामुळे राजपुत्र बराच वेळ निपचित. म्हणजे देशातल्या पहिल्या बोलत्या चित्रपटाचा नायक त्यातल्या त्यात कमी बोलला. मला ही युक्ती आवडते. दिग्दर्शक म्हणून इराणी किती हुशार होते ते त्यातून दिसतं. विठ्ठलला मात्र ती महाग पडली. चित्रपट तुफान चालला, चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं, आणि लोक घरी जाताना गुणगुणत होते ते वझीर महंमद खानांनी फकिराच्या वेषात गायलेलं गाणं.

‘बोलपटानं विठ्ठलला संपवलं’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की चीड येते. त्याचा आवाज वाईट होता असा सूर त्यात असतो. जीभ वेगळी आणि आवाज वेगळा. मुंबईच्या बोलपटाला उर्दू बोलणारा आणि शक्यतो गाणारा माणूस हवा होता, तसे लोक पारशी आणि उर्दू नाटकमंडळ्यांत तयार बसले होते. मास्टर निसार कलकत्त्याच्या मदन कंपनीकडून ‘शिरीन फरहाद’मध्ये आला तो गळा घेऊनच. सुलोचनाबाईंचंही (रुबी मायर्स) घोडं भाषेवरच अडलं होतं. ‘आलम आरा’चं काम त्यामुळेच झुबेदाकडे गेलं. बाईंनी काम थांबवलं, हिंदुस्तानी शिकून घेतली आणि ‘माधुरी’चा बोलपट करून परत आल्या.

विठ्ठलनं दुसरा रस्ता धरला. १९३३ला ‘आवारा शहजादा’ स्वतः दिग्दर्शित केला, त्यात दुहेरी भूमिका केली. मग मराठीकडे वळला. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांना तलवार धरता येणारा आणि मराठी बोलणारा माणूस लागतच होता. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) अशी कामं झाली. पुढे कामं लहान होत गेली, पण तो करत राहिला. १९६९ला गेला. नायकाचं काम गेल्यावर घरी बसून जुन्या आठवणी सांगणारे पुष्कळ. चौथ्या ओळीत उभं राहून रोजंदारी करणारा मला जास्त पटतो.

प्रश्न : बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ असे नट मराठी रंगभूमीवर असताना मूकपटवाल्यांनी त्यांना घेतलं कसं नाही? की नाटकवाल्यांनाच सिनेमा हलका वाटत होता?
– एक नाट्यप्रेमी, फोंडा

उत्तर : हलका वाटत असेलही. पण खरी अडचण साधी होती. त्यांना घेऊन मूकपटवाला करणार काय? १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव एका रंगमंचावर आले, तो ‘संयुक्त मानापमान’. लोक तिथे दोघांच्या हालचाली पाहायला गेले नव्हते. वन्समोअर घेणाऱ्या माणसाचा आवाज काढून घेतला तर उरतं ते भरजरी शालू. आपली त्या वेळची रंगभूमी गाण्यावर जगत होती, आणि पडदा नेमकं तेवढंच घेऊ शकत नव्हता.

म्हणून पाहा, १९२०च्या ‘सैरंध्री’त बाबूराव पेंटरांनी भीम आणि कीचक म्हणून बाळासाहेब यादव आणि झुंझारराव पवार उभे केले. अंगापिंडानं दांडगे गडी. नाटकातून मूकपटात जे आले ते मुख्यतः काठावरचे होते. शांतारामही लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते, पण कुणाच्या लक्षात राहावं असं काम तिथे त्यांच्या वाट्याला आलं नाही.

मोठे नट आले ते आवाज आल्यावर. १९३२ला मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’, त्यात गोविंदराव टेंबे राजा. दीनानाथांच्या बळवंत कंपनीनं १९३४ला ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. तुमच्या मंगेशीच्या या माणसाला त्यात केवढा तोटा सोसावा लागला ते तुम्हाला मी सांगायला नको. बालगंधर्व १९३५ला प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. लोकांना त्यांना पुरुषवेषात पाहवेना. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा लुगड्यात आले, दिग्दर्शक बाबूराव पेंटर. पण रंगमंचावर दिव्यांच्या झगमगाटात पन्नास फुटांवरून जे रूप दिसायचं ते कॅमेऱ्यानं दोन हातांवरून पाहिलं. वय झालं होतं. मी त्यावर जास्त लिहीत नाही.

प्रश्न : विठ्ठल पडद्यावर पहिल्यांदा नर्तकी म्हणून आला असं कुठेतरी वाचलं. १९२४मध्येसुद्धा बायका मिळत नव्हत्या का? मी शाळेत शिकवते, मुलांना सांगायला हवं.
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : मिळत होत्या, बाई. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना एकही मिळाली नाही. जाहिरात देऊन झाली, नाचगाणं करणाऱ्या वस्तीत फिरून झालं. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीतला अण्णा साळुंके तारामती झाला. पुढे ‘लंका दहन’मध्ये हाच अण्णा राम आणि सीता दोन्ही.

पण फाळक्यांच्या लगेच पुढच्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. दोघी नाटकातल्या. हा चित्रपट तुमच्या नाशिकला झाला, मुलांना आवर्जून सांगा. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा आणि विक्रम गोखले नातू. मुलांना विक्रम गोखले माहीत असतील. नसतील तर फार वाईट.

‘सैरंध्री’तही बायका होत्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. तेव्हा १९२४ला विठ्ठलनं घागरा घातला तो बाई मिळेना म्हणून, असं मी ठामपणे म्हणणार नाही. नाच येणारा पोरगा कंपनीत पगारावर असताना बाहेरून नर्तकी आणायची कशाला, एवढा हिशेबही पुरेसा असतो. मी कंपन्यांचे हिशेब जवळून पाहिलेत.

प्रश्न : मूकपटातला अभिनय म्हणजे भुवया उडवणं आणि छातीवर हात. हा सगळा नाटकवाल्यांनी केलेला बिघाड. आजच्या पोरांना तो दाखवून हसं का करून घ्यायचं?
– एक स्पष्टवक्ता, पुणे ३०

उत्तर : पुणे ३० लिहिलंत, म्हणजे वाद घालायचाच आहे. घालू.

आधी वेग. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी. तीच फिल्म चोवीसच्या वेगानं चालणाऱ्या यंत्रावर लावली की माणसं तुरुतुरु धावतात आणि सावकाश उचललेली भुवई उडते. तुम्ही पाहिलंत त्यातली निम्मी उडवाउडवी यंत्राची असेल.

दुसरं, बोलणं. नट गप्प उभे राहत नसत, ते बोलत, कारण न बोलता तोंड हललं तर खोटं दिसतं. पण काय बोलले ते पाटी ठरवायची. पाट्या दोन-तीन भाषांतल्या असत, आणि थिएटरात वाचता येणारा एखादा मोठ्यानं वाचून दाखवायचा, शेजारी पेटी-तबला चालू. एवढ्या गलक्यात बारीक अभिनय कुणापर्यंत पोचणार होता?

नाटकवाल्यांनी काही बिघडवलं हे मान्य. शेवटच्या रांगेसाठी हात लांबवायची सवय पटकन जात नाही. मी स्वतः नाटकातून आलेल्या लोकांचे शॉट कापलेत, वाक्य संपलं तरी टाळीसाठी अर्धा सेकंद थांबतात. तो अर्धा सेकंद कापायचा हे आमचं काम. पण विठ्ठलसारख्याला हे लागू करू नका. त्याचं नाटक पोरवयातच सुटलं, आणि त्याच्या चित्रपटांना भुवया लागतच नव्हत्या, पाय लागत होते.

प्रश्न : मास्टर विठ्ठलचे मूकपट कुठे पाहायला मिळतील? यूट्यूबवर शोधले, नुसते फोटो येतात.
– एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : अपेक्षा कमी ठेव. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले तीसदेखील उरले नाहीत, आणि उरलेत त्यातलेही काही तुकडेच. ‘आलम आरा’ची एकही प्रत नाही. काही आगीत गेले, काही नायट्रेट आपोआप सडून गेले, आणि बरेच आपणच चांदीसाठी विकले. फिल्मच्या थरात चांदी असते, ती काढून घेणारे व्यापारी होते. वापरून झालेला चित्रपट म्हणजे मालकाच्या लेखी भंगार.

विठ्ठलची तऱ्हा समजून घ्यायची असेल तर ‘दिलेर जिगर’ बघ. १९३१चा, जी. पी. पवारांचा. त्यात विठ्ठल नाही, हमीर आहे, पण तलवारबाजी, उड्या, वेषांतर, सूड असा सगळा माल त्याच पेठेतला. नायिका अंबू, म्हणजे पुढच्या ललिता पवार. तुझ्या पिढीला त्या फक्त खाष्ट सासू म्हणून ठाऊक. इथे ती तरुण पोरगी मुखवटा लावून लढते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं हा जपला. तिथले पी. के. नायर गावोगाव फिरून डबे गोळा करायचे, ते नसते तर एवढंही राहिलं नसतं. आधी पत्र टाकून विचार, मगच लाल डब्यात बस.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत ‘बहिर्जी नाईक’ची गाण्यांची पुस्तिका आणि गंजलेले दोन गोल पत्र्याचे डबे सापडले. पुस्तिकेची पानं सुटलीत. लॅमिनेट करून घेऊ का?
– एक वाचक, कागल

उत्तर : नको! लॅमिनेट नको, सेलोटेप तर मुळीच नको. दोन-चार वर्षांत त्याचा डाग पानातून आरपार जातो. साध्या स्वच्छ कागदात पानं सुटी गुंडाळा, पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवा, मोबाइलवर फोटो काढून घ्या.

डब्यांचं मात्र आजच करा. झाकण उघडून बघायचा मोह आवरा. उघडलंच आणि उग्र वास आला, फिल्म चिकट किंवा तपकिरी भुकटीसारखी दिसली, तर ती नायट्रेट समजा. घरातून बाहेर काढा, सावलीत, गार जागी, चुलीपासून, गॅसपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. त्या डब्यांशेजारी कुणी विडी-काडी पेटवणार नाही एवढं बघा. आणि वरच्या उत्तरातल्या पुण्याच्या संग्रहालयाला डब्यांवरचं लेबल जसंच्या तसं उतरवून कळवा. लेबल पुसट असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका, तिरप्या उजेडात धरून वाचा.